पाण्याच्या आधी पोचणारी वार्ता

(तळोदा येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याच्या तोंडावर ही परिषद भरत आहे, आणि ‘नैसर्गिक आपत्तींची पूर्वसूचना व तत्संबंधी प्रादेशिक सहकार्य’ असा भारदस्त विषय मजकडे सोपविण्यात आला आहे. विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात असे आले असेल की, हे काम दिल्लीचे, मुंबईचे, फार तर जिल्हाधिकारी कचेरीचे. दुसरीच्या वर्गात पाढे म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाचा त्याच्याशी काय संबंध? तो संबंध आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो फार जवळचा आहे. तेवढाच दाखविण्याचा आज प्रयत्न करतो.

आपल्या दारची तापी घ्या. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे ती उगम पावते आणि 724 किलोमीटर वाहत जाऊन सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्याचे क्षेत्र 65,145 चौरस किलोमीटर आहे; त्यातील जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात, उरलेला मध्य प्रदेशात व गुजरातेत. विदर्भातून येणारी पूर्णा तिला चांगदेवजवळ मिळते. पुढे हतनूरचे 41 दरवाजांचे धरण, मग गिरणा, बोरी, पांझरा यांचे पाणी, मग सारंगखेडा, मग प्रकाशा, जेथे गोमाई तिला येऊन मिळते. तेथून आपला हातोडा पूल, आणि पुढे उकाईचा अफाट जलाशय, ज्याचा फुगवटा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. म्हणजे पाहा, बऱ्हाणपुरावर पडलेल्या पावसाचा परिणाम आपण भोगतो, आणि आपल्याकडून गेलेल्या पाण्याचा परिणाम सुरत भोगते. राज्यांच्या सीमा नकाशावर असतात. पाण्याला त्या ठाऊक नसतात.

1968 च्या ऑगस्टमध्ये तापीला जो महापूर आला त्याने सुरत शहराची दैना उडविली. उकाई धरण तेव्हा बांधले जात होते. ते 1972 मध्ये पुरे झाले. धरण झाले म्हणजे पुराची भीती संपली असे पुष्कळांना वाटले. तथापि 2006 च्या ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, जलाशय भरत आला, आणि 7 ऑगस्टपासून उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. धरणात आधीच थोडी जागा मोकळी ठेवली असती, पाणी लवकर व थोडेथोडे सोडले असते, तर काय झाले असते, यावर नंतर मोठा वाद झाला. त्या वादात मी शिरत नाही. आपल्याला त्यातून एवढेच घ्यावयाचे की, खालच्याने दार केव्हा उघडावे हे वरच्याकडून येणाऱ्या वार्तेवर अवलंबून असते, आणि ती वार्ता जितके तास आधी येईल तितके तास माणसांच्या हाती राहतात.

या कामाची व्यवस्था आपल्या देशात आता जुनी झाली आहे. 1958 मध्ये दिल्लीस यमुनेच्या पुराचे अनुमान शास्त्रीय रीतीने देण्यास प्रारंभ झाला. 1969 नंतर अनेक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांसाठी ती व्यवस्था विस्तारली. आज केंद्रीय जल आयोग हे काम करतो, आणि तापीची जबाबदारी त्याच्या सुरत येथील कचेरीकडे आहे. पूर्णेवर येरळी, तापीवर बऱ्हाणपूर, गिधाडे, सारंगखेडा अशा ठिकाणी नदीची पातळी मोजली जाते. वर इतके पाणी चढले तर खाली किती तासांनी किती चढेल, याचा हिशेब मागील अनेक वर्षांच्या नोंदींवरून बसविलेला असतो. चौथीतील मुलाने गाडीचा वेग व अंतर यांचे उदाहरण सोडवावे, त्याचेच हे मोठे रूप. हा हिशेब करणारी कचेरी केंद्राची आहे, यालाही अर्थ आहे. तीन राज्यांच्या तीन कचेऱ्यांनी तीन मापे वापरली असती, तर पूर आधी आला असता आणि पत्रव्यवहार मागाहून.

राष्ट्राराष्ट्रांतही असेच सहकार्य चालते. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलेल्या चक्रीवादळाचे ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्या भोवतालची तेरा राष्ट्रे आपापली नावे देतात, आणि या वादळांच्या सूचना दिल्लीच्या हवामान खात्याकडून त्या सर्वांना जातात. ज्यांचे आपसांत बरे नाही अशीही राष्ट्रे त्या यादीत शेजारीशेजारी आहेत. खुद्द बांगलादेशाची कथा अधिक उद्बोधक आहे. 1970 च्या नोव्हेंबरातील वादळात, जेव्हा तो देश पूर्व पाकिस्तान होता, काही लाख माणसे मेली. त्यानंतर तेथे काय केले गेले? यंत्रे आणली गेली हे खरेच. परंतु त्याबरोबर गावोगाव स्वयंसेवक नेमण्यात आले, त्यांच्या हाती निशाणे, कर्णे व हाताने फिरवावयाचे भोंगे दिले गेले, आणि कोणते निशाण चढले म्हणजे काय करावयाचे हे घराघरांत शिकविण्यात आले. पुढल्या वादळांत मृत्यूंची संख्या तेथे फार खाली आली.

उलट बाजूचे उदाहरण शेजारच्या गुजरातेतच आहे. 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू नदीवरील धरण फुटले. खाली मोरवी शहर होते. त्या शहराला वेळेवर वार्ता पोचली नाही, आणि हजारो माणसे गेली. नदीने काही अवधी दिला होता. तो वापरावयास कोणी कळविले नाही.

आता मी आपल्या पाड्यांकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण येथे आहे. सुरतेच्या कचेरीत अनुमान तयार होते, ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे येते, तेथून तहसीलदारांकडे, तेथून ग्रामपंचायतीकडे व पोलीस पाटलांकडे. येथवरची साखळी बरी चालते. शेवटची कडी मात्र अशी असते: “प्रकाशा बॅरेजमधून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.” हा संदेश भ्रमणध्वनीवर येतो. तो वाचून काठावर शेळ्या चारणाऱ्या आजीबाईंनी काय समजावे? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर, म्हणजे आपली पाणी भरण्याची दोन मोठी भांडी. एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला 28 लाख लिटर. हे आपण मुलांना सांगावे, ते गणितही छान आहे. परंतु आजीबाईंना हवे ते निराळे. पाणी घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत येणार, खालच्या शेतात शिरणार की नाही, आणि केव्हा, दिवे लागण्यापूर्वी की नंतर? “सतर्क राहावे” हे कचेरीचे वाक्य आहे. ते लिहिणारा आपल्या जबाबदारीतून मोकळा होतो, ऐकणारा होता तेथेच राहतो.

या भाषांतराला माणूस लागतो. तो माणूस प्रत्येक गावात आहे, आणि तो जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पूर्वी कोतवाल दवंडी पिटीत असे आणि ती सर्वांना कळे, कारण ती त्यांच्या बोलीत असे. आपल्या मुलांच्या घरी भिली, पावरी, अहिराणी, गुजरी बोलली जाते. मराठीतील छापील सूचना घरात तेव्हाच शिरते, जेव्हा तिसरीतील मुलगी ती आपल्या बोलीत आईला सांगते. म्हणून माझी विनंती अशी की, प्रत्येक शाळेने पाच-सहा वाक्ये मुलांकडून त्यांच्या बोलीत तयार करून घ्यावी: पाणी चढत आहे, गुरे सोडा, पूल ओलांडू नका, अमुक उंचवट्यावर या. ती पाठ व्हावीत, कवितेसारखी. हवामान खात्याचे रंगही त्यांत यावेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल रंग म्हणजे शाळेला सुटी, असा एक समज मुलांत (आणि मोठ्यांतही, असे ऐकतो) रूढ होत आहे. तो वेळीच दुरुस्त केलेला बरा.

तथापि तापीपेक्षाही मला आपल्या नाल्यांची काळजी अधिक वाटते. तापी मोठी आहे, ती सावकाश चढते, तिच्यावर तीन राज्यांचे लक्ष आहे. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून जे ओढे-नाले धावत खाली येतात त्यांच्यावर कोणाचे लक्ष आहे? डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस होतो, खाली तळोद्यास ऊन असते, आणि थोड्याच वेळात कोरड्या पात्रात कमरेइतके पाणी येते. या एकेका नाल्याचे वेगळे अनुमान आपल्यापर्यंत येत नाही. देऊ म्हटले तरी मोजणी करावयास अवधीच नाही. आणि नेमकी याच नाल्यांतून आपली मुले शाळेस येतात व जातात. गुडघाभर वाहते पाणी लहान मुलाला उभे राहू देत नाही. चांदसैली घाटात दरडी कोसळतात तेव्हा निदान रस्ता बंद झाल्याचे दिसते. नाल्याचे तसे नाही, तो पाच मिनिटांपूर्वी बरा होता म्हणून मूल पाय टाकते.

येथे सहकार्य राज्याराज्यांचे नको, शाळाशाळांचे हवे. डोंगरपट्टीतील शाळेच्या गुरुजींनी आकाश पाहावे आणि खालच्या शाळेला फोन करावा: “येथे तासाभरापासून मुसळधार आहे, मुले सोडू नका.” इतकेच. त्यासाठी वरच्या शाळेला खालची शाळा कोणती हे ठाऊक हवे, आणि आज बहुतेकांना ते ठाऊक नाही. आपण केंद्रांप्रमाणे ओळखतो, नाल्याप्रमाणे ओळखत नाही. एकाच ओढ्याच्या काठी असलेल्या दोन शाळा निरनिराळ्या केंद्रांत, क्वचित निरनिराळ्या तालुक्यांत असतात, आणि त्यांचे शिक्षक एकमेकांना कधी भेटलेले नसतात.

आपण म्हणाल, डोंगरात फोन लागत नाही. बरोबर आहे, पुष्कळ पाड्यांवर लागत नाही, आणि वीज गेली की जेथे लागतो तेथेही लागेनासा होतो. म्हणून दुसरी तजवीज हवी. खालच्या शाळेने असा नियम करावा की, सातपुड्याचा माथा काळा दिसत असेल आणि वरून निरोप आला नसेल, तर निरोप नाही याचा अर्थ धोका आहे असाच घ्यावयाचा. निरोप आला नाही म्हणजे सर्व ठीक, ही समजूत फार घातक आहे. मुले थांबवून ठेवावीत. पालकांपैकी कोणी जाणता नाल्यावर जाऊन येईल, मग सोडावीत. जंगलात वाढलेल्या या पालकांना पाण्याच्या खुणा आपल्याहून अधिक कळतात. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे, या खुणा त्यांनी मुलांना वर्गात येऊन सांगाव्यात. परिसर अभ्यासाच्या तासाला याहून चांगला पाहुणा मिळणार नाही.

विजेबद्दल दोनच शब्द. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्यापैकी ज्यांच्याजवळ भ्रमणध्वनी आहे त्यांनी घ्यावे. आसपास वीज पडण्याचा संभव असल्यास ते कळविते. मुले झाडाखाली आश्रयास जातात, ती सवय मोडावी.

आणखी एक गोष्ट, जी वर्षानुवर्षे पाहण्यात येते. एकदा सूचना दिली आणि पूर आला नाही, की लोक हसतात. गुरुजी घाबरट आहेत असे म्हणतात. पुढच्या वेळी गुरुजी गप्प बसतात. हे टाळण्याचा उपाय माझ्या दृष्टीने एकच, आणि तो म्हणजे नोंद. नाल्यावरील छोट्या पुलाच्या खांबावर, बांधकाम विभागाला विचारून, रंगाने फूट-फूट अंतरावर रेषा काढाव्यात. पाऊस मोजण्यासाठी सरळ भिंतीचा डबा उघड्यावर ठेवावा, रोज सकाळी ठराविक वेळी एका मुलाने पट्टी लावून मिलिमीटर लिहावे. दोन पावसाळ्यांनंतर आपल्याला सांगता येईल की, वरच्या शाळेत इतका पाऊस झाला असता आपल्या नाल्याला इतके पाणी आले होते. जल आयोग तापीसाठी जे करतो तेच हे, डबा आणि पट्टी घेऊन. मग सूचना गुरुजींच्या भीतीची राहणार नाही, वहीची होईल. गावातील वृद्धांकडून 1968 व 2006 साली पाणी कोठवर आले होते ते विचारून त्या ठिकाणी खूण करवून घेणे, हेही मुलांचे काम आहे. ती माणसे आता थोडी उरली आहेत, तेव्हा हे याच वर्षी व्हावे.

अफवांविषयी इतकेच की, धरण फुटल्याची जुनी चित्रे दरवर्षी भ्रमणध्वनीवर फिरतात. तहसील कचेरीतून किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षातून खात्री झाल्यावाचून कोणत्याही शिक्षकाने ती पुढे पाठवू नयेत. खरी सूचना ऐकली जावी म्हणून खोटी थांबविणे, हाही या कामाचाच भाग.

आता कामाचे. मागील टेबलावर तालुक्याचा मोठा नकाशा ठेवला आहे. मध्यंतरात प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेजवळचा ओढा त्यावर शोधावा, पेन्सिलीने त्याची रेघ वर डोंगरापर्यंत व खाली तापीपर्यंत न्यावी, आणि त्या रेघेवर वरची शाळा कोणती व खालची कोणती ही दोन नावे सोबतच्या तक्त्यात लिहावी. वरची शाळा अक्राणी तालुक्यातील असेल तर तेथील केंद्रप्रमुखांशी मी स्वतः बोलेन. ज्यांचा ओढा पुढे कुकरमुंड्याकडे, म्हणजे गुजरातेत जातो, त्यांनी खालच्या रकान्यात तेथील शाळेचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसल्यास गावाचे लिहावे. तेथील शिक्षकांना आपण पत्र पाठवू, मराठीत व गुजरातीत. तक्ते चार वाजण्यापूर्वी माझ्याकडे द्यावेत.