प्रश्न मुलांचा असावा



शालेय विज्ञान-प्रदर्शनातील वस्तू सुबक असतात. ज्वालामुखीची प्रतिकृती, पवनचक्की, ठिबक सिंचनाचा देखावा. त्यांची माहितीही मुले अस्खलित सांगतात. परंतु ‘हे करावेसे तुला का वाटले?’ असे विचारताच मूल शिक्षकांच्या तोंडाकडे पाहू लागते. वस्तू त्याच्या हातात असते. प्रश्न मात्र त्याचा नसतो. मुलांची कल्पकता वाढवावयाची असेल तर या उणिवेचा विचार प्रथम केला पाहिजे.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ई. पॉल टॉरन्स या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली विद्यार्थ्यांसाठी भावी समस्यांच्या सोडवणुकीचा एक कार्यक्रम सुरू केला. भविष्यकाळातील एका कल्पित परिस्थितीचे वर्णन मुलांच्या गटापुढे ठेवावयाचे व त्यांना सहा पायऱ्यांनी विचार करावयास लावावयाचे, अशी त्याची रीत आहे. प्रथम मुले त्या परिस्थितीतील अडचणी शोधतात. दुसऱ्या पायरीवर त्यांतील मुळाशी असलेली एक अडचण निवडतात. तिसऱ्या पायरीवर अनेक उपाय सुचवितात. चौथ्या पायरीवर उपाय पारखण्याच्या कसोट्या ठरवितात, पाचव्या पायरीवर त्या कसोट्यांवर उपाय तोलतात आणि अखेरीस निवडलेल्या उपायाची कृतियोजना आखतात.

या क्रमात उपायाचा क्रमांक तिसरा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वर्गात मात्र बहुधा पहिल्या दोन पायऱ्या शिक्षक स्वतःच चढतात आणि मुलांना उचलून तिसऱ्या पायरीवर ठेवतात.

ही रीत खेड्यातील शाळेत कशी उतरेल? समजा, दुपारच्या भोजनापूर्वी हात धुताना नळापाशी चिखल होतो. शिक्षकांनी ‘शोषखड्डा करू या’ असे सांगितले तर खड्डा होईल, परंतु विचार होणार नाही. त्याऐवजी मुलांना आठ दिवस नुसते पाहावयास सांगावे. कोणी म्हणेल, तोटी गळते. कोणी म्हणेल, सारे वर्ग एकदमच येतात. पहिलीतील एखादी मुलगी म्हणेल, तोटीपर्यंत हातच पोचत नाही, म्हणून पाणी सांडते. मग अडचणीचे मूळ कशात आहे, पाणी सांडण्यात की सांडलेल्या पाण्याला वाट नसण्यात? हा वाद मुलांना घालू द्यावा. त्यानंतर उपाय आपोआप पुढे येतात: वर्गवार वेळा, लहानांसाठी दगडाची पायरी, परसबागेकडे चर. कसोट्याही मुलांनीच ठरवाव्यात. खर्च किती येईल? ते काम मुलांना स्वतः करता येईल काय? सर्वांत लहान मुलाची सोय होईल काय? पावसाळ्यात ते टिकेल काय? प्रत्येक कसोटीवर गुण देऊन बेरीज केली म्हणजे गणिताचाही अभ्यास होतो.

दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकास यासाठी सवड कोठून मिळावी, अशी शंका रास्त आहे. परंतु आठवड्यातील परिसर अभ्यासाचा एक तास यास पुरतो आणि लहान-मोठी मुले एका गटात असणे येथे लाभाचेच ठरते. तोटी उंच आहे हे सातवीतील मुलाच्या ध्यानात येणे कठीण. खरी कठीण गोष्ट वेगळीच आहे. उत्तर ठाऊक असूनही शिक्षकांनी मौन पाळावयाचे असते.

केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांच्या मूळ कल्पना मागविल्या जातात व निवड झालेल्या विद्यार्थ्यास नमुना तयार करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. मुदत जवळ आली की एखादी तयार कल्पना उतरवून मुलाच्या नावे पाठविण्याचा मोह होतो. हेतू वाईट नसतो. शाळेचे नाव व्हावे इतकाच असतो. परंतु त्या मुलाला त्यातून एक धडा मिळतो. आपले डोके कामाचे नाही, मोठ्यांचे उसने घेतले तरच शाबासकी मिळते, असे त्याला वाटू लागते. हा धडा प्रमाणपत्राहून अधिक काळ टिकतो.

यावर उपाय साधा आहे. शाळा उघडताच वर्गात एक ‘अडचणींची वही’ ठेवावी. घरी, शेतात, रस्त्याने येताना जे अडते ते मुलांनी आपल्या शब्दांत तीत लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मोठ्या मुलांनी लिहून घ्यावे. शिक्षकांनी तीत एकही उत्तर लिहू नये. कल्पना मागविणारे परिपत्रक येईल तेव्हा ती वही उघडावी. तीत ओबडधोबड का होईना, पण मुलांचा स्वतःचा प्रश्न सापडेल.