महाविद्यालयीन बेसबॉल : दोन वाटा

अमेरिकेंतील अनेक महाविद्यालयांत बेसबॉलचे दोन संघ असतात. ‘व्हार्सिटी’ संघाचा भार संस्था वाहते. त्यांत निवडक खेळाडू, पगारी शिक्षक आणि पुष्कळदां शिष्यवृत्त्याही असतात. ‘क्लब’ संघाची वर्गणी, मैदान, प्रवास हें सारें विद्यार्थीच पाहतात. व्हार्सिटींत निवड न झालेल्या तरुणानें क्लबांत खेळणें म्हणजे कमीपणा, असें कित्येकांस वाटतें.

परंतु इतिहास निराळें सांगतो. १ जुलै १८५९ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथें ॲम्हर्स्टनें विल्यम्सला ७३-३२ असें हरविलें. महाविद्यालयांमधील हा पहिला सामना विद्यार्थ्यांनींच जुळविला होता. त्याच भेटींत बुद्धिबळाचीही लढत झाली.

क्लबच्या खेळाडूस कीर्ति थोडी मिळेल. परंतु खेळ आणि अभ्यास यांचा मेळ घालण्याची मोकळीक त्याच्याच हातीं राहते. ही प्राप्ति लहान नव्हे.