पटावरचे मूल



१९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. आज अशा शाळेला शिक्षक किती मिळावयाचे, हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. शाळेचे वार्षिक अनुदानही पटाच्याच मापाने.

आणि त्याच सुमारास आमच्या निफाडात द्राक्षांची गोडी छाटणी सुरू होते! पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात, बरोबर मुले येतात. नाव सुरगाण्याच्या पटावर, मूल आमच्या बांधावर. तिथे त्याची जागा रिकामी, इथे त्याची मोजदाद नाही. पुढे ते वाचनात मागे पडले, की दोष शाळेला!

कायदा मुलाच्याच बाजूचा आहे. प्रवेश वर्षात केव्हाही मिळतो. दाखला नाही, ही सबब चालत नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. उणीव आहे ती हात धरून नेणाऱ्याची. आम्ही मजूर मोजून आणतो. त्यांची मुले मात्र मोजीत नाही. यंदा टोळी बागेत उतरेल, त्याच दिवशी तिची मुले शाळेच्या दारापर्यंत पोचवू या. घडाघडाची निगा राखणाऱ्या आम्हांला एवढे जड जाऊ नये.