मोरी, संडास आणि आपल्या माणसांचा श्वास

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)





मंडळाने मला विचारलं, कशावर बोलणार? मी म्हटलं, मोरी आणि संडास साफ करण्यावर. काही मंडळी हसली. वर्धापनदिनाला कुणी धम्मावर बोलतो, कुणी चळवळीवर, आणि हा गिरणीवाला संडासावर बोलणार! हसा, हरकत नाही. पण मी ज्या गोष्टीवर बोलणार आहे ती प्रत्येकाच्या घरात रोज सकाळी होते, आणि तिच्यात आपल्या आयाबहिणींचा श्वास अडकलेला आहे.

आणि हा विषय धम्माच्या बाहेरचा आहे असंही समजू नका. विनयपिटकातला चुल्लवग्ग वाचा. त्यात शौचकुटीचे नियम आहेत. आत जाण्याआधी बाहेरून खाकरावं, आत कुणी असेल तर त्यानेही खाकरून उत्तर द्यावं. जागा घाण दिसली तर ती धुवावी. भांड्यातलं पाणी संपलं असेल तर भरून ठेवावं. कुणी धुवावी? ज्याला घाण दिसली त्याने. हा अमुक जातीचा म्हणून तो धुईल, असं तिथे नाही. आणखी एक गंमत सांगतो. पूर्वी ज्येष्ठ भिक्खू आधी जात, नवे भिक्खू ताटकळत राहत, त्यांना घेरी येई. तेव्हा भगवंतांनी नियम केला, की इथे वडीलकी चालणार नाही, जो आधी आला तो आधी जाईल. चाळीत डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला या नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

आता मुद्द्यावर येतो. मी डॉक्टर नाही, इंजिनियर नाही. शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण रात्री वाचून झालं. पण गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात मी उमेदीची वर्षं घालवली. कॉस्टिक, हायपो, ॲसिड ही माझी रोजची सोबत. कापड पांढरं करताना आधी त्याला हायपो देत, म्हणजे क्लोरीनचं पाणी. नंतर त्याला पातळ ॲसिड देत. पण या दोन्हींच्या मध्ये कापड पाण्याने खळाखळा धुतलं जायचं. का? कारण हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हाच तो वायू, जो २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रजवळ सैनिकांवर सोडला होता. गिरणीत आम्हाला हे पहिल्या दिवशी सांगत.

आणि घरात काय चालतं? संडास पिवळा पडला की आपली माउली आधी ॲसिडची बाटली ओतते. वास गेला नाही म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकते. जागा चार बाय तीनची, दार लावलेलं, खिडकी वीतभर. आमच्या जुन्या चाळीत एक मावशी अशाच कोंडल्या होत्या. दार उघडून बाहेर काढलं तेव्हा डोळे लाल, खोकला थांबेना. त्या वाचल्या. पण गिरणीत कामगाराला पहिल्या दिवशी जे सांगतात, ते घरातल्या बाईला कुणीच का सांगत नाही?

म्हणून पहिली गोष्ट पाठ करा. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीच एकत्र नाही. बाजारात जे संडास धुण्याचं निळं औषध मिळतं, त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिडच असतं. बाटलीमागचं बारीक अक्षर मुलांकडून वाचून घ्या. लिंबू आणि व्हिनेगर हीसुद्धा आम्लंच, तीही ब्लीचिंगमध्ये नको. लघवी साचलेल्या जागी थेट ब्लीचिंग टाकू नका, आधी पाणी ओता, कारण त्यातूनही विषारी वाफ निघते. चुकून वास सुटलाच, तर साफ करत बसू नका. आधी बाहेर या, दार-खिडकी उघडा, मोकळ्या हवेत बसा. छाती भरल्यासारखी वाटली तर दवाखाना गाठा.

मग साफ करायचं कशाने? घरात आणि वाण्याकडे जे मिळतं त्याने. नीट ऐका.

मोरीतला मळ दोन प्रकारचा. एक तेलकट, साबणाचा. दुसरा पांढरा, खाऱ्या पाण्याचा, म्हणजे चुन्याचा. तेलकट मळाला सोडा लागतो, चुन्याला आंबट लागतं. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

साबणाच्या चिकट थराला धुण्याचा सोडा घ्या. अर्धी बादली गरम पाणी, त्यात चार मोठे चमचे सोडा. फरशीवर पसरा, दहा मिनिटं थांबा, काथ्याने किंवा ब्रशने घासा, धुवून टाका. हाताला हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो. अॅल्युमिनियमच्या भांड्याला मात्र हा सोडा लावू नका, ते काळं पडतं.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग टाइल्सवर, बादलीवर, नळावर पडतात. त्यांना लिंबूसत्त्व घ्या, वाण्याकडे सायट्रिक ॲसिड म्हणून मागा. एक लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे. वीस मिनिटं ठेवून घासा. नळाला या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं गुंडाळा आणि लगेच धुवा, जास्त वेळ ठेवलं तर चकाकी जाते. संडासाचं भांडं पिवळं असेल तर रात्री झोपण्याआधी तीन-चार चमचे लिंबूसत्त्व थोड्या कोमट पाण्यात कालवून कडेने सोडा. सकाळी घासा. एका दिवसात जाणार नाही, चार रात्री करावं लागेल. ॲसिड एका मिनिटात करतं खरं, पण टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटही खातं. मग त्या खाचेत मळ बसतो आणि पुन्हा ॲसिड आणावं लागतं. बाटलीवाल्याचा धंदा चालू, आपला खिसा रिकामा.

एक सावधगिरी. ज्यांच्या मोरीत कडप्पा, शहाबादी किंवा कोटा फरशी आहे, त्यांनी लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही लावू नये. हे दगड मुळात चुन्याचेच, आंबटाने ते झिजतात आणि खरखरीत होतात. संगमरवरही तसाच. तिथे साबणाचं किंवा रिठ्याचं पाणी आणि ब्रश. रिठ्याची दहा-बारा सालं रात्री लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळून घ्या. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतो.

बऱ्याच भगिनी सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, फसफसतं म्हणून वाटतं काम झालं. ते दोघं एकमेकांनाच मारतात, मागे उरतं खारट पाणी. वेगवेगळं वापरा, मध्ये पाण्याने धुवा. गिरणीतली शिस्त इथेही तीच.

भिंतीवर काळी बुरशी येते ती ओलीमुळे. आंघोळ झाली की शेवटच्या माणसाने वायपर मारावा, दार-खिडकी उघडी ठेवावी. दोन मिनिटांचं काम. बुरशी आलीच तर औषधाच्या दुकानातून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, लावा, दहा मिनिटांनी घासून धुवा. त्यातही दुसरं काही मिसळू नका.

वास येतो म्हणून डांबराच्या गोळ्या टाकतात. या गोळ्या वास मारत नाहीत, वासावर वास चढवतात. लहान मुलाने गोळी तोंडात घातली तर जिवावर बेततं. काही मुलांच्या रक्तात जन्मजात कमतरता असते, त्यांना तर त्या वाफेनेही धोका. वासाचं मूळ शोधा. मोरीच्या तोंडाशी नाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम उभं असतं. ते पाणी म्हणजे गटाराच्या वासाला लावलेलं कुलूप. घर बंद ठेवून गावी गेलात की ते पाणी आटतं आणि वास वर येतो. आल्यावर तांब्याभर पाणी ओता. जाळी आठवड्याला उचलून केस काढा. पाणी तुंबलं तर आधी रबरी पंप मारा. कॉस्टिकचे दाणे ओतण्याची घाई नको, उसळून डोळ्यात गेले तर दृष्टी जाते.

आता सरळ बोलतो. लिंबू-सोड्याने सगळं होतं असं मी म्हणणार नाही. घरात जुलाब-उलट्यांची साथ असेल तर जंतू मारावेच लागतात, तिथे ब्लीचिंग पावडरच हवी. आधी घाण धुवून काढा. मग एक लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ताजी पावडर, ती जागेवर दहा मिनिटं ठेवा, दार उघडं ठेवा, नंतर भरपूर पाणी. ती एकटीच. रोजच्या कामाला मात्र तिची गरज नाही.

बांधवांनो, हे सगळं मी का सांगतो? आपल्या किती भगिनी दुसऱ्यांच्या घरी, ऑफिसात, मॉलमध्ये संडास धुतात! त्यांच्या हाताला मालकीण बाटली देते, हातमोजे देत नाही. त्यांनी हातमोजे मागावेत, ही भीक नाही, हक्क आहे. आणि आपण ओतलेलं ॲसिड जातं कुठे? टाकीत आणि गटारात. तिथल्या गाळातून ॲसिडमुळे आणखी विषारी वायू सुटू शकतो. त्या टाकीत माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख झाली. रक्कम वाढली, पण मरणं थांबलेलं नाही. आणि मरणारा कोण असतो, हे या सभागृहात सांगायची गरज नाही. आपल्या सोसायटीने टाकी साफ करताना माणूस उतरवू द्यायचा नाही, यंत्राची गाडीच मागवायची, हा ठराव बौद्ध कुटुंबांनी पुढाकार घेऊन करावा.

बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्यावरचा हक्क आपण असा मिळवला आहे. ते पाणी विष कालवून पुढे सोडणं आपल्याला शोभत नाही.

शेवटी पुरुष मंडळींना विनंती. मोरी धुणं हे बायकांचं काम, हे कुठल्या सूत्तात लिहिलंय? चुल्लवग्गातला नियम पुरुषांनीच पाळला होता. रविवारी सकाळी तुम्ही ब्रश घ्या, मुलाच्या हातात वायपर द्या. आणि या विहाराच्या मागचा संडास साफ करायला आपण बाहेरून माणूस बोलावतो, ते बंद करून पाळी लावावी असं मी सुचवतो. पहिल्या आठवड्याला माझं नाव लिहा. यादी कार्यालयातल्या फळ्यावर लावली आहे, खडू तिथेच आहे.



नमो बुद्धाय! जयभीम!