संत्र्याच्या बुंध्याशी पोहणारा शत्रू

राजेगाव-गोंदिया पट्ट्यातल्या श्रोत्यांनो, परसातल्या लिंबाच्या किंवा संत्र्याच्या बुंध्यातून डिंक पाझरतोय का? साल जरा खरवडून पाहा. आत तपकिरी, कुजकी दिसली तर तो डिंक्या, आणि त्यामागे फायटोफ्थोरा हा सूक्ष्मजीव. दिसतो बुरशीसारखा, पण त्याचं जवळचं नातं समुद्रातल्या तपकिरी शैवालाशी. फायटोफ्थोराचीच पाल्मिव्होरा ही जात जगभर कोकोच्या शेंगा कुजवते आणि नागपुरी संत्र्यावरही सापडते.

या सूक्ष्मजीवाची खरी ताकद पुनरुत्पादनात आहे. आळ्यात पाणी साचलं की बीजाणूंची पिशवी फुटते आणि दोन शेपट्यांचे चलबीजाणू पोहत कोवळ्या मुळांपर्यंत जातात. त्यासाठी जोडीदार लागत नाही. जमीन सुकली की जाड कवचाचे बीजाणू मातीत दबा धरून बसतात. पण 'ए-१' आणि 'ए-२' हे त्याचे दोन समागम-प्रकार एकत्र आले तर संकरातून नवे वंश निपजतात, कधी औषधाला दाद न देणारेही. म्हणूनच दुसरा प्रकार सोबत आणू शकणारं रोगट कलम बागेत लावणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

बचावासाठी कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळं करा. मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, असं बोर्डो मलम पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बुंध्याला लावा.