वॉरंट नसेल, तर कागद मागा
(बंगळूर येथील रेल्वे कामगारांच्या सभेतील भाषण)



आज बोनस आणि पेन्शन बाजूला ठेवून आम्ही घराच्या झडतीविषयी बोलणार आहोत. वॉरंट नसताना पोलिसांना आपल्या क्वार्टरची झडती घेता येते का? येते. पण वाटेल तशी घेता येत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने कलम १६५ तिच्यात १८५ झाले. तपासाला लागणारी वस्तू घरात आहे असे मानायला सबळ कारण हवे, आणि दुसऱ्या मार्गाने ती मिळवण्यात फार वेळ जाईल अशी परिस्थिती हवी. मग ठाण्याचा प्रमुख किंवा तपास अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. मात्र आधी त्याने आपली कारणे लिहायची, आणि होईल तितके, काय शोधायचे तेही लिहायचे. त्या नोंदीची प्रत ४८ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. घरात राहणाऱ्याने अर्ज केला की त्यालाही ती फुकट मिळते. अधिकारी स्वतः येऊ शकत नसेल तर हाताखालच्याला लेखी हुकूम द्यावा लागतो. "साहेबांनी पाठवलंय" एवढ्यावर भागत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. तांब्याची तार गेली, फिशप्लेट गेली की संशय आधी गँगमनवर. रेल्वेच्या चोरीच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे. एखाद्या जागी असा माल ठेवला किंवा विकला जातो असे रेल्वे सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला वाटले, तर त्याने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून वॉरंट मिळवायचे, असे त्याचे कलम १० सांगते. क्वार्टर रेल्वेचे आहे, म्हणून दलाचा जवान केव्हाही आत शिरेल, हा समज चुकीचा आहे. आम्हाला खेद वाटतो तो याचा, की हा समज आपल्याच लोकांत जास्त आहे.

कागदाचे एवढे काय, असे तरुण मुले विचारतात. त्यांनी याच शहरात काय घडले ते ऐकावे. १९७४ च्या मे महिन्यातला रेल्वे संप जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली झाला. त्या वेळी कामगारांची कुटुंबे क्वार्टरमधून बाहेर काढली गेली. पुढे आणीबाणीत जॉर्ज भूमिगत झाले. त्यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी १ मे १९७६ च्या रात्री पोलिसांनी त्यांचे भाऊ लॉरेन्स यांना बंगळूरच्या घरातून नेले. दुसरे भाऊ मायकेल तुरुंगातच होते. त्यांच्या अर्जाबाबत चौकशी आहे, एवढेच घरच्यांना सांगितले. पुढचे कित्येक दिवस लॉरेन्स यांना बेकायदा डांबून त्यांचा अमानुष छळ झाला. आई अ‍ॅलिस यांना राष्ट्रपतींना पत्र लिहावे लागले. कागदावर नसलेल्या माणसाला शोधायचे कुठे?

कायदाही बदलत गेला. झडतीविरुद्ध खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी १९५४ मध्ये म्हटले होते. ते मत २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी रद्द केले आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो दावा लावला होता आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी.

म्हणून झडतीच्या वेळी अंगावर जाऊ नका. दार अडवले तर उलट तुमच्यावरच खटला होतो. अधिकाऱ्याचे नाव आणि ठाणे विचारा, वेळ लिहून ठेवा. वस्तीतले दोन प्रतिष्ठित, तटस्थ पंच हवेत. घरच्या माणसाला हजर राहू द्यावेच लागते. बाईच्या अंगाची झडती बाईनेच घ्यायची. आता झडतीचे मोबाइलवर चित्रीकरणही सक्तीचे आहे. जप्त मालाच्या यादीची प्रत घेतल्याशिवाय राहू नका, आणि कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही. झडती बेकायदा होती एवढ्यावरून सापडलेला माल पुराव्यातून बाद होत नाही, म्हणून ही टिपणे त्याच दिवशी हवीत.

शेजाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पंच म्हणून लेखी बोलावणे आले आणि सबळ कारण नसताना नाही म्हटले, तर तो गुन्हा आहे. शिवाय आपला माणूस पंच असला तर यादीत न सापडलेली वस्तू घुसत नाही. खिडकीच्या फटीतून बघत बसण्यापेक्षा ते बरे.

नोंदीची प्रत मागण्याच्या अर्जाचा नमुना आम्ही कन्नड आणि मराठीत करून ठेवला आहे. शाखा सचिवांनी जाताना टेबलावरून दहा-दहा प्रती न्याव्यात.