क्षमेचा अधिकार कोणाचा?



धर्मगुरूने विश्वासघात केला की समाजातून पहिला सूर उठतो तो क्षमेचा. आता हे प्रकरण १८६० सालचे पाहा. मुंबईत करसनदास मुळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ पत्रात वल्लभ संप्रदायाच्या जदुनाथजी महाराजांवर भक्तांच्या स्त्रियांशी अनाचार केल्याचा उघड आरोप केला. महाराजांनी ५०,००० रुपयांच्या अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. भाटिया ज्ञातीच्या धुरीणांनी काय करावे? आपल्यापैकी कोणी महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये, असा बेत त्यांनी केला. न्यायालयाने त्याबद्दल त्यांना दंड केला, ही गोष्ट वेगळी. ते याला भक्ती म्हणत असतील. मी त्याला क्षमाही म्हणणार नाही. अन्याय ज्या स्त्रियांवर झाला, क्षमेचा अधिकार त्यांचा होता. धुरीणांनी तो परस्पर वापरला.

साक्षीला उभे राहिले ते आपल्या मांद्र्याचे डॉ. भाऊ दाजी लाड. महाराजांच्या गुप्तरोगाविषयी त्यांनी शपथेवर सांगितले. रुग्णाचे गुपित उघड करणे वैद्याला सोपे नसते. पण तेथे मौन धरणे म्हणजे आणखी एखाद्या श्रद्धाळू स्त्रीला त्याच दाराशी पाठविणे होते.

२२ एप्रिल १८६२ रोजी न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी मुख्य मुद्द्यावर करसनदासांच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी करसनदास विलायतेला गेले, आणि समुद्र ओलांडला म्हणून त्यांच्या ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले.